‘आम्ही सगळ्या बाया गेलो’ : गेलो की गेल्या?

प्रश्न असा आहे : नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्या बायकांच्या मुलाखती उतरवताना, चांदवडच्या नोव्हेंबर १९८६ मधल्या शेतकरी महिला अधिवेशनाबद्दल एक आजी म्हणतात, ‘आम्ही सगळ्या बाया ट्रकमधून गेलो.’ बाया स्त्रीलिंगी, मग ‘गेल्या’ अशी दुरुस्ती करावी का?

मुळीच नको. वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ आहे, ‘सगळ्या बाया’ हे त्याचंच स्पष्टीकरण. ‘मी गेलो, मी गेले’ यात लिंग कळतं, पण ‘आम्ही’बरोबर बाई असो की बुवा, क्रियापद ‘गेलो’च. तुमच्या दुरुस्तीनं आणखी एक घोटाळा होईल. पुढच्या कुणी संपादकानं त्या ‘गेल्या’शी न जुळणारा ‘आम्ही’ही काढला, तर ‘सगळ्या बाया ट्रकमधून गेल्या’ एवढंच उरेल, आणि आजी घरीच राहिल्या! त्या स्वतः गेल्या होत्या हाच तर मुलाखतीतला पुरावा.

उलट बाजूनंही जपा. ‘आम्ही घोषणा दिल्या’ वाचून बोलणाऱ्या बायका होत्या असं धरू नका. ‘दिल्या’चं स्त्रीलिंग घोषणेचं आहे, पुरुषही असंच म्हणतो. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्यात बायकाही होत्या. पण एखाद्या घरात ‘आम्ही दारापुढं बसलो’ एवढीच आठवण चालत आली असेल, तर त्या ‘आम्ही’त बायका होत्या की नाही हे व्याकरण सांगणार नाही. तिथं लगेच विचारायचं : आम्ही म्हणजे कोण कोण? माझ्या मते मुलाखत घेणाऱ्यानं हा प्रश्न तोंडपाठच ठेवावा. बायकांचा सहभाग कितीदा असा ‘आम्ही’च्या पोटात गडप होतो.

विशेषणं मात्र कधीकधी मदतीला येतात. ‘आम्ही एकट्याच गेलो’, ‘आम्ही दमलेल्या होतो’ यात बायका उघड दिसतात. म्हणून अशा ठिकाणी ‘एकटेच’, ‘दमलेले’ करू नका.

‘आम्ही’चा ‘आपण’ही करू नका. ‘आपण गेलो होतो’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. समोर जुनी मैत्रीण बसली असेल तर आजी तसं म्हणतील, तुम्हाला म्हणणार नाहीत.

आणि ‘मी गेली होती’ असं कुणी म्हणालं तर तेही तसंच राहू द्या. प्रमाण मराठीत ‘गेले होते’, खरं. पण बोलणाऱ्या त्या आहेत, शुद्धलेखनाचा पेपर तुमचा नाही.