दोन रात्री दुसऱ्याकडे ठेवलं तर तिला काय वाटेल?

"मॅडम, आठ महिने मी सलग झोपलेली नाही," खुर्चीत नीट टेकायच्या आतच ती बोलून गेली आणि लगेच घाबरली. मग भराभर सांगत सुटली, की तक्रार नाही हो, पोरगी गुणी आहे, तुम्ही वर काही कळवू नका.

जोडपं पुण्यातलं. बाल कल्याण समितीच्या आदेशाने नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडे प्रतिपालकत्वात, म्हणजे फोस्टर केअरमध्ये, दत्तक न घेता घरात सांभाळायला आलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला मनू म्हणू; ती पालक आईला माई म्हणते.) मनू रात्री दोन-तीनदा उठून माई जागेवर आहे ना, ते बघून यायची. उशीखाली पोळीचा तुकडा ठेवायची. आता माईंच्या आईचं साताऱ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि दोन रात्री तिथे राहणं भाग होतं. नवऱ्याची रात्रपाळी. शेजारच्या काकू मनूला ठेवून घ्यायला आनंदाने तयार होत्या. त्या निवृत्त अंगणवाडी सेविका. तरी माईंचा पाय निघेना.

"घरच्यांनी सोडलं, मग संस्था सुटली. आता मीही दुसऱ्याच्या दारात ठेवून गेले तर तिला काय वाटेल?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक प्रतिपालक आई विचारते. भीती खरी आहे, ती मी कधीच उडवून लावत नाही. पण ज्या मुलाने माणसं जातानाच पाहिली आहेत, त्याला माणूस परत येताना दिसायला हवं. आणि परत यायचं तर आधी जावं लागतं. माईंना मी हेच सांगितलं, आणि म्हटलं, हातात तीन आठवडे आहेत, आतापासून थोडं थोडं जायला लागा.

इथे माझं चुकलं. कसं जायचं ते मी नीट सांगितलं नाही. काकू पहिल्यांदा घरी येऊन बसल्या, तेव्हा मनू चित्र काढण्यात रमलेली पाहून माई तिची नजर चुकवून मंडईत गेल्या. तान्ह्या बाळांच्या बाबतीत आपल्याकडे सर्रास असंच करतात, "रडेल उगाच" म्हणून. तासाभराने माई परतल्या तेव्हा मनू दाराला पाठ लावून बसली होती. पुढचे चार दिवस अंथरूण ओलं. तेव्हापासून मी हे पहिल्याच भेटीत सांगते: मूल रडलं तरी चालेल, पण सांगून निघा, आणि म्हटल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात उभ्या राहा.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी काकू नुसत्या चहाला, माई घरातच. मग माई सांगून अर्धा तास खाली. मग मनू काकूंकडे दुपारच्या जेवणाला. दर वेळी काकूच. आज काकू, उद्या मामी असं केलं नाही. रात्रीच्या मुक्कामाबद्दल जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवलं. हे टाळू नका. २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली मूल तुमच्या नावाच्या आदेशाने तुमच्याकडे आलेलं असतं. ते कुठे आणि कुणाकडे झोपलंय, हे यंत्रणेला माहीत असायलाच हवं. माईंना वाटत होतं, मदत मागितली तर आपण कमी पडलो असं ठरेल. उलट, अडीअडचणीला कोण आहे हे आधीच सांगणारं घर मला जास्त भरवशाचं वाटतं. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं. तिथे तर असं दुसरं घर पहिल्या दिवसापासून ठरलेलं हवं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माईंचा फोन आला. मनूने स्वतःची पिशवी भरली होती. दोन रात्रींसाठी सगळे कपडे, शाळेची सगळी पुस्तकं, भिंतीवरचं चित्रसुद्धा टेपसकट काढून आत. माई रडत होत्या. मी म्हटलं, पिशवी उपसू नका, ओरडू नका. तिच्याबरोबर बसून विचारा, यातलं काय इथे तुझी वाट बघत थांबेल?

पुढची युक्ती माईंचीच, मला सुचली नसती. सकाळी त्यांनी मटकी भिजत घातली होती. ती रात्री दोघींनी मिळून फडक्यात घट्ट बांधली आणि डब्यात ठेवली. "मी येईपर्यंत मोड येतील. आल्यावर उसळ करू." मनूने बराच विचार करून चित्र परत भिंतीला लावलं. पुस्तकं मात्र नेली.

काकूंकडे पहिल्या रात्री ती उशिरापर्यंत जागी होती, पोळी उशीखाली. काकूंनी ती काढली नाही, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

माई परतल्या तेव्हा मनू गळ्यात वगैरे पडली नाही. दीड दिवस बोललीच नाही, हाक मारली की खोली बदलायची. माई खचल्या, "बघा, तुटलं ना!" मी म्हटलं, रुसायला हक्काचं माणूस लागतं. संस्थेत ती कुणावर रुसली असेल असं मला वाटत नाही. उसळ तिने खाल्ली, पण न बोलता.

शेजारणींनी विचारलंच, "एवढं झेपत नव्हतं तर आणली कशाला?" माईंना मी त्याचं उत्तर शोधायला लावलं नाही. त्या दोन रात्री साताऱ्याला त्या आठ-आठ तास झोपल्या होत्या, आणि परतल्यावर मनूच्या रुसव्यापुढे त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

आता महिन्यातून एका शनिवारी मनू काकूंकडे असते. मागच्या महिन्यात मटकीचा डबा बघून तिने मान हलवली.

"माई, या वेळी हरभरे भिजवू. त्यांना जास्त दिवस लागतात."