शंका-समाधान: केप्लर-22बी नेमका कसला ग्रह?

प्रश्न: केप्लर-22बी ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून गाजला होता. आता त्याला लघु-नेपच्यून (पृथ्वीहून मोठा, नेपच्यूनहून लहान ग्रह) म्हणतात आणि आकारही कुठे पृथ्वीच्या 2.4, तर कुठे 2.1 पट दिलेला असतो. ग्रह तोच, मग आकडे का बदलतात?

उत्तर: कारण बदललं ते ताऱ्याचं मोजमाप. केप्लर दुर्बिणीने हा ग्रह थेट पाहिलेला नाही. तिने टिपली ती ताऱ्याच्या प्रकाशात होणारी घट. दर 289.9 दिवसांनी ग्रह ताऱ्याच्या तबकडीवरून सरकतो. हे अधिक्रमण साडेसात तासांच्या आत आटोपतं आणि तेवढा वेळ प्रकाश दहा लाखांत सुमारे 490 भागांनी उतरतो, म्हणजे 0.00049 ने. याचं वर्गमूळ 0.0221. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या इतकी पट आहे, आणि हा भाग पक्का आहे.

पुढे मात्र ताऱ्याची त्रिज्या लागते. सूर्याची त्रिज्या पृथ्वीच्या 109 पट. 2011 साली शोध जाहीर झाला तेव्हा तारा सूर्याच्या 0.98 पट धरला होता: 0.0221 × 0.98 × 109 = 2.36, म्हणून 2.4. नंतरच्या अभ्यासात तारा 0.87 पट निघाला, आणि तेच गणित 2.1 वर आलं. ताऱ्याच्या त्रिज्येत दहा टक्के चूक असेल, तर ती जशीच्या तशी ग्रहाच्या त्रिज्येत उतरते. म्हणून अशा ग्रहाचा आकडा वाचताना ताऱ्याची त्रिज्या किती धरली आहे, हे आधी पाहावं.

एक गफलत नेहमी होते. 2012 साली शुक्राचं अधिक्रमण आपण पाहिलं, तेव्हा सूर्याचा प्रकाश जवळपास 0.1 टक्का अडला होता. मग दुप्पट मोठ्या ग्रहाने त्याच्या निम्माच कसा अडवला? शुक्र तेव्हा सूर्यापेक्षा आपल्याला बराच जवळ होता, म्हणून मोठा दिसला. दूरच्या ताऱ्यावरून पाहिलं तर शुक्र सूर्याचा प्रकाश दहा लाखांत जेमतेम 76 भाग अडवेल.

प्रश्न: त्याच्यावर जगभर समुद्र आहे आणि तापमान 22 अंश आहे, असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर: 22 अंश हे मोजलेलं तापमान नाही. ग्रह ताऱ्यापासून 0.85 खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे सुमारे 12.7 कोटी किलोमीटरवर आहे. तारा सूर्यापेक्षा थोडा मंद. पृथ्वीइतकाच प्रकाश परत फेकला जातो असं धरलं, तर वातावरणाविना तापमान उणे 11 अंशांच्या आसपास येतं. त्यावर पृथ्वीच्या वातावरणाची ऊब, सुमारे 33 अंश, चढवली की 22. पण तिथलं वातावरण पृथ्वीसारखंच असेल, असं मानायला काहीही आधार नाही. हायड्रोजनचं जाड आवरण असेल, तर खालचा दाब आणि उष्णता कितीतरी जास्त असेल.

आवरणाची शंका येते ती वस्तुमानावरून. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे हलतो. तो वेग कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा इथल्या हार्प्स-एन वर्णपटमापकाने तपासला गेला. ग्रह पृथ्वीच्या 9 पट जड असता, तरी हा वेग सेकंदाला मीटरभरच भरला असता, सावकाश चालणाऱ्या माणसाइतका. ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाची खळबळही याच प्रमाणात असते, त्यामुळे नेमकं वस्तुमान हाती लागलेलं नाही. वरची मर्यादा तेवढी मिळाली: पृथ्वीच्या साधारण 9 पट.

माझ्या मते या ग्रहाबद्दल सगळ्यांत जास्त सांगणारा आकडा हाच आहे. पृथ्वीसारख्या खडकाचा आणि लोखंडाचा 2.1 पट त्रिज्येचा गोळा घेतला, तर तो स्वतःच्याच दाबाने आत आवळला जातो आणि वस्तुमान सुमारे 15 पट भरतं. इथे 9 ची कमाल मर्यादा आहे. मग उरलेली जागा हलक्या पदार्थाने भरलेली असणार: पाणी, वायू किंवा दोन्ही. यांतलं कोणतं, हे त्रिज्या आणि वस्तुमानावरून ठरत नाही. थोडा हायड्रोजन आणि भरपूर पाणी, दोघांनीही ग्रह सारखाच फुगतो.

प्रश्न: मग जेम्स वेब दुर्बीण त्याचं वातावरण का तपासत नाही?

उत्तर: तारा 11.7 प्रतीचा (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), 600 प्रकाशवर्षांहून दूर, आणि संधी साडेनऊ महिन्यांतून एकदा. शिवाय तारा सूर्याएवढा असल्यामुळे वातावरणाची कड त्याच्या झगमगाटात बुडून जाते. के2-18बी या लघु-नेपच्यूनवर 2023 साली मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळल्याचं जाहीर झालं. तिथे हे सोपं गेलं, कारण त्याचा तारा लाल बटू, म्हणजे लहानसा मंद तारा आहे आणि अधिक्रमण दर 33 दिवसांनी होतं.

प्रश्न: आमच्या मंडळाकडे 8 इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. हे अधिक्रमण आम्हाला टिपता येईल?

उत्तर: तारा दिसेल, घट टिपता येणार नाही. हंस तारकासमूहाच्या पश्चिम पंखातल्या डेल्टा ताऱ्यापासून साडेपाच अंश वायव्येला तो आहे. पुण्याहून तो उत्तरेला 60 अंशांपर्यंत चढतो. पण घट 0.05 टक्क्याची, आणि आपल्या हवेच्या थरथरीने मोजमापात 0.2 टक्क्यांची चूक सहज होते.

सरावाला एचडी 189733 घ्या. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघापासून पाव अंशावर, 7.7 प्रतीचा तारा. त्याचा गुरूएवढा ग्रह दर 2.2 दिवसांनी सुमारे 2.4 टक्के प्रकाश अडवतो आणि अधिक्रमण पावणेदोन तासांचं असतं. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच सुरुवात करा. अधिक्रमणाच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत सलग फोटो हवेत, नाहीतर घट कुठून मोजायची तेच कळत नाही. 16 बिटच्या कॅमेऱ्यात ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल 40,000 च्या वर जाऊ देऊ नका. त्यासाठी फोकस मुद्दाम थोडा ढिला ठेवा. प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरला की हवेची थरथर आणि पिक्सेलमधला फरकही कमी बोचतो. त्याच चौकटीतले जवळपास तेवढेच तेजस्वी दोन-तीन तारे तुलनेला घ्या. हा तारा नारिंगी आहे. तुलनेचे तारे निळसर असले, तर तो पश्चिमेला कलताना आलेख आपोआप तिरका होतो आणि घट असल्याचा भास होतो. लाल फिल्टर लावला की हा दोष बराच कमी होतो. दुर्बिणीला जर्मन इक्वेटोरियल माउंट (आकाशाबरोबर फिरणारा एक प्रकारचा आधार) असेल, तर ताऱ्याने मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण उलटवावी लागते. तारे दुसऱ्या पिक्सेलवर पडतात आणि आलेखात पायरी येते. तेवढ्यासाठी फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पडद्याचे फोटो, पिक्सेलमधला फरक काढायला) त्याच रात्री, कॅमेरा न हलवता घ्या.