एन्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण प्लाझ्मात कमी का दिसते?

एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिलेल्या गवळाऊ जातीच्या गाईंच्या प्लाझ्मात (रक्तातील पेशी काढून उरलेल्या द्रवात) द्रव-क्रोमॅटोग्राफीने मोजताना औषध अपेक्षेपेक्षा कमी आणि दर वेळी वेगळे मिळते, मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) केलेल्या द्रावणांची कॅलिब्रेशनची रेषा (ज्ञात मात्रा आणि यंत्राचे वाचन यांचा आलेख) मात्र सरळ येते, तेव्हा डिटेक्टर तपासून घ्यावा काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते डिटेक्टरला हात लावण्याची घाई करू नये. रेषा सरळ येते, याचाच अर्थ तो नीट काम करतो आहे. ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिने खाली बसवताना काही औषध त्यांच्याबरोबर जाते, आणि आपली प्रमाण द्रावणे त्या टप्प्यातून गेलेलीच नसल्यामुळे ही घट हिशेबात येत नाही.

म्हणून औषध न दिलेल्या गाईंच्या प्लाझ्मात ठरावीक मात्रा मिसळून त्याच नमुन्यांवरून कॅलिब्रेशन करावे. ‘औषध दिलेले नाही’ एवढ्या मालकाच्या शब्दावर विसंबू नये. तो प्लाझ्मा आधी काही न मिसळता यंत्रातून चालवून, औषध ज्या वेळेला बाहेर पडते त्या वेळेला आलेखात शिखर येत नाही ना, हे पाहावे. इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात तुलनेसाठी सारख्याच मात्रेत घातलेला दुसरा पदार्थ) प्रथिने बसवण्यापूर्वीच घालावा, कारण नंतर घातलेला स्टँडर्ड त्या टप्प्यातली घट दाखवू शकत नाही. औषध शंभर टक्के परत मिळालेच पाहिजे असे नाही. ते प्रत्येक मात्रेला सारख्या प्रमाणात मिळणे अधिक महत्त्वाचे. जैविक नमुन्यांतील औषध मोजण्याच्या पद्धतींसाठी असलेल्या आयसीएच एम-१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार अचूकतेतील फरक ±१५ टक्क्यांच्या आत असावा, सर्वांत खालच्या मात्रेला ±२० टक्के चालतो.

गाईच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो आणि तोही जिवाणूंवर प्रभावी असतो, त्यामुळे दोन्ही मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सी-१८ कॉलमवर (औषधे वेगळी करणाऱ्या नेहमीच्या नळीत) सिप्रोफ्लॉक्सासिन आधी बाहेर पडते. शिखरांना शेपूट येत असेल, म्हणजे ती मागच्या बाजूला लांबत असतील, तर आम्लधर्मी मोबाइल फेजमध्ये थोडे ट्रायइथाइलअमाइन घालून पाहावे. शक्य असल्यास अतिनील डिटेक्टरऐवजी फ्लुओरेसन्स वापरावा. सुमारे २८० नॅनोमीटरला उत्तेजन आणि ४५० च्या आसपास उत्सर्जन ठेवल्यास प्लाझ्मातील इतर घटकांचा अडथळा पुष्कळ कमी होतो.

नमुन्यांच्या वाहतुकीचाही विचार करावा. हे औषध उष्णतेला बऱ्यापैकी टिकते, पण प्रकाशाने बिघडते. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात गोठ्यातून प्रयोगशाळेत येईपर्यंत रक्तातील तांबड्या पेशी फुटल्या, तर प्लाझ्मा लालसर होऊन गाळणीनंतरही त्रास देतो. नळ्या झाकून, बर्फाच्या पेटीत पण बर्फाला थेट न टेकवता आणाव्यात आणि प्लाझ्मा लवकर वेगळा करावा.