येते म्हटलं की जायचं

पोरी,

गुरुवारी फिल्डवर्कच्या सुपरव्हिजनला आलीस तेव्हा त्या दहा वर्षांच्या मुलीच्या भेटी तू जिथे नोंदवतेस त्या रेकॉर्डिंगच्या वहीतलं शेवटचं अर्धं पान कोरं होतं. विचारलं तर म्हणालीस, "मॅडम, त्यानंतर ती बोललीच नाही." मग दारापर्यंत जाऊन परत फिरलीस आणि विचारलंस की हे सगळं सोडून एखाद्या कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे तिच्या सामाजिक कामाच्या विभागात, अर्ज करू का. मला मीटिंगला जायचं होतं, मी नंतर बोलू म्हटलं, आणि रात्री झोप लागली नाही म्हणून आता लिहितेय.

तुला वाटतंय मामाने तिच्यावर केलेला अत्याचार तू पोलिसांत कळवलास हे चुकलं. ते अजिबात चुकलेलं नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ कळवणं सक्तीचं करतं, आणि ते तुला, मला, शाळेच्या शिपायाला, सगळ्यांनाच लागू आहे, त्यात आईची परवानगी लागते असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि ज्या मामाच्या पैशावर खोलीचं भाडं जातं त्याच्याविरुद्ध ती आई स्वतःहून चौकीत जाईल ही अपेक्षाच आपण ठेवायची नसते. चूक झाली ती त्याच्या आधी. दहा वर्षांची पोर तुला म्हणाली, "दीदी, किसी को बोलना मत," आणि तू म्हणालीस नाही सांगणार. का म्हणालीस? ती रडत होती म्हणून, मला माहितीये. पण जो शब्द पाळताच येणार नाही तो मुलाला द्यायचा नाही, कधीच नाही, रडत असलं तरी नाही. तिच्याशी जे झालं त्याचं गुपितच तर त्या माणसाने ठेवायला लावलं होतं, आणि तूही गुपिताचं वचन दिलंस आणि वर ते मोडलंस. तिने आता तुझ्याशी का बोलावं?

फर्स्ट इयरला शिकवलं होतं ना काय म्हणायचं? "गुपित ठेवेन असं मी म्हणणार नाही, पण कुणाला आणि का सांगणार आहे ते आधी तुला सांगेन." एवढंच वाक्य आहे. परीक्षेत सगळे बरोबर लिहितात.

रागावतेय, कारण हे मी स्वतः केलंय. १९९४ ची गोष्ट, मला लेक्चरर होऊन दोनच वर्षं झाली होती. एका बालगृहात मी दर मंगळवारी जायचे, तिथे एक अकरा वर्षांचा मुलगा होता, सहा आठवडे नुसता कॅरमच्या सोंगट्या लावत बसायचा आणि सातव्या आठवड्यात थोडंसं बोलला, मोठ्या मुलांबद्दल, रात्रीबद्दल. मग विचारलं, पुढच्या मंगळवारी येणार का? मी म्हटलं नक्की. मंगळवारी माझी परीक्षेची ड्युटी लागली, मग पेपर तपासणी, मग सुट्टी, आणि पाच आठवड्यांनी गेले तेव्हा फाईलमध्ये एक ओळ होती, दुसऱ्या संस्थेत स्थलांतर. मी शोधलं, पण फार उशिरा आणि फार थोडं. तेव्हा मुलग्यांसाठी कायद्यात अनैसर्गिक संबंधांचं कलम ३७७ सोडलं तर काही नव्हतं, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ सुद्धा १९९६ ला सुरू झाली, पोक्सो तर २०१२ चा, हे सगळं खरंय आणि मी कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण एक पोस्टकार्ड टाकायला कुठलाच कायदा लागत नव्हता.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलेय. सेमिस्टर संपलं म्हणून फिल्डवर्कची मुलं कुणी सोडून यायची नाहीत, पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर शेवटच्या भेटीची तारीख मुलाला दाखवायची, येते म्हटलं की जायचं. डिपार्टमेंटमध्ये म्हणायचे हे प्रॅक्टिकल नाही. माझे पेपर कमी आहेत, प्रमोशन उशिरा झालं, कारण संध्याकाळी मी वस्तीत असायचे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटतं कधीकधी. पण बदललं नसतं.

आणि हा शब्द फक्त तोंडाने दिला जातो असं नाही. २००७ ला केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला, त्यांत अर्ध्याहून जास्त मुलगे, आणि बहुतेकांनी आधी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. म्हणून आता शाळाशाळांत गुड टच बॅड टच घेतात, चांगलंच आहे, पण पाऊण तासाचं सेशन घ्यायचं, "विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा" म्हणायचं, फोटो काढायचा आणि निघून यायचं! सांगा म्हणणं हासुद्धा शब्दच आहे ना? ते मूल दुसऱ्या दिवशी बाईंकडे जातं आणि बाई म्हणतात असं बोलू नये. आधी बाईंना, मुख्याध्यापकांना, व्हॅनच्या काकांना बसवून शिकवा, मग मुलांकडे जा. हे मी तीस वर्षं सांगतेय.

तू म्हणालीस ट्रीटमेंट काहीच होत नाहीये, ती नुसती रंगवत बसते. बसू दे. झालेलं तिच्याकडून परत वदवून घ्यायला जाऊ नकोस, ते एकदा नीट नोंदवून झालंय. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तेच माणूस येतंय आणि काही मागत नाहीये, हे तिला कळायलाच कितीतरी आठवडे जातील, आणि उपचार तिथूनच सुरू होतो. दुसरं काम आईवर कर. आईने विश्वास ठेवला, पाठीशी उभी राहिली की मूल जेवढं सावरतं तेवढं आपल्या कुठल्याही तंत्राने सावरत नाही. त्या बाईवर चिडू नकोस, तिला रेशन आणि भाड्याचं काय ते आधी बघ. आणि बालकल्याण समितीकडे सपोर्ट पर्सनसाठी, म्हणजे केसभर मुलीच्या सोबत राहणाऱ्या माणसासाठी, लेखी अर्ज कर, पोक्सोच्या २०२० च्या नियमांत तशी सोय आहे, समितीने आपणहून दिला नाही म्हणून गप्प बसू नकोस.

मुलीला मात्र आधी जाऊन सांग की मी शब्द दिला ती माझी चूक, तू मला सांगितलंस ते बरोबर केलंस. केस लवकर संपेल असं म्हणू नकोस. कायद्यात वर्षभराचं लिहिलंय तेही "शक्यतो", आणि तारखा कशा पडतात ते तू बघशीलच. त्याला शिक्षा होईल असंही म्हणू नकोस. कोर्टाची तारीख कळली की त्याच दिवशी तुला सांगेन, एवढंच म्हण, आणि सांग.

सीएसआरचा अर्ज करायचा तर कर, मी शिफारस लिहून देईन, अडवणार नाही. पण तिला न सांगता जाऊ नकोस. या मंगळवारी चारला येते म्हणालीयेस ना तिला? मग अडीचलाच निघ, हार्बर लोकलचा काही भरवसा नाही. आणि रात्री मला फोन कर, ती बोलली नाही तरी कर.

तुझ्या मॅडम