ब्रिटनमधले पेड चॅनल एकेका अमेरिकन मालिकेसाठी एवढे का भांडायचे?

प्रेक्षकसंख्या वाढावी म्हणून नक्कीच नाही. पेड चॅनलवर गेली की मालिका बघणारे उलट घटायचेच. '24'चे पहिले दोन सीझन बीबीसी टूवर लागले (टीव्ही लायसन्सचे पैसे सोडले तर फुकटच), तिसरा 2004 मध्ये स्काय वनने नेला, म्हणजे डिशवरून पेड चॅनल दाखवणाऱ्या स्काय कंपनीच्या चॅनलने. 'लॉस्ट'चंही तसंच. दोन सीझन चॅनल फोरवर, आणि नोव्हेंबर 2006 पासून स्काय वन. भांडण होतं ते गिऱ्हाइकासाठी. गोष्टीत अडकलेला माणूस दरमहा मुकाट पैसे भरतो आणि दुसऱ्या कंपनीकडे जात नाही. फुटबॉलवर स्कायने आधीच बक्कळ पैसा ओतला होता, पण घरात फुटबॉलचा कंटाळा असलेलंही कुणीतरी असतंच ना!

खरी जुंपली ती 2007 मध्ये. व्हर्जिन मीडियाच्या केबलवर स्काय वन दिसायचं. दरावरून फिसकटलं आणि 1 मार्चला ते केबलवरून गायब झालं. तीस लाखांहून जास्त घरं, आणि '24'चा सहावा सीझन ऐन मध्यावर! समेट व्हायला नोव्हेंबर 2008 उजाडलं. पुढे 2010 मध्ये तर स्कायने व्हर्जिनचे चॅनलच विकत घेऊन टाकले.

त्याच वर्षी स्कायने एचबीओ या अमेरिकन चॅनलशी त्यांच्या मालिकांसाठी करार केला. पाच वर्षांचे सुमारे 15 कोटी पौंड, असं तेव्हा पेपरांत छापून आलं होतं. 1 फेब्रुवारी 2011 ला 'बोर्डवॉक एम्पायर' घेऊन स्काय अटलांटिक सुरू झालं, आणि हे चॅनल केबलवाल्यांना दिलंच नाही. पुढच्या वर्षी बीबीसी फोरवरची 'मॅड मेन'सुद्धा तिकडेच गेली.

आमची पंचाईत वेगळीच. घरमालक डिशसाठी भिंतीला भोक पाडू देईना. मग एप्रिल 2011 मध्ये स्काय अटलांटिकवर 'गेम ऑफ थ्रोन्स' सुरू झाल्यावर दर सोमवारी रात्री 9 च्या ठोक्याला मी लंडनमधल्या हाउन्सलोला मित्राच्या घरी हजर. पहिल्या दोन सोमवारी वहिनींनी कांदाभजी केली, तिसऱ्या सोमवारी नुसता चहा. दहाव्या भागाला सीझन संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, आता तरी घर बदला."

सप्टेंबरात बदललं. खोकी अजून फोडायची होती, पण डिशवाल्याला आधी बोलावलं.