ब्लेंडरमध्ये किरणोत्सवाच्या उन्हाची झळाळी खरी कशी दिसेल?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात त्या सोहळ्याचं, दृश्य करताय आणि ग्लो दिला की सगळं चित्रच पांढुरकं होतंय, असं तुम्ही लिहिलंय. ग्लो सरसकट लागतोय म्हणून तसं होतं. अतिप्रखर प्रकाश भिंगात किंवा डोळ्यात विखुरला की झळाळी दिसते, त्यामुळे ती फक्त प्रखर भागाभोवती हवी. कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरवर (तयार झालेल्या चित्रावर) काम करायच्या जागी, ग्लेअर नोड टाका, ब्लूम निवडा आणि थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजेडापासून ग्लो लागावा ती मर्यादा, १ च्या वर ठेवा (१ म्हणजे पडद्यावरचा पूर्ण पांढरा). रेंडर पीएनजीत साठवून नंतर ग्लो देत असाल तर ते आधी थांबवा! तिथे १ च्या वरचं सगळं कापलं जातं. मग मावळता सूर्य आणि उजळ भिंत यांत फरकच उरत नाही. त्याऐवजी ओपन ईएक्सआर फाइल वापरा, तिच्यात १ च्या वरचा उजेडही टिकतो.

किरणांचे झोत हवे असतील तर व्हॉल्यूम स्कॅटर (हवेत प्रकाश विखुरणारा नोड) लावा, पण घनता अगदी कमी. अ‍ॅनिसोट्रॉपी, म्हणजे प्रकाश पुढच्या दिशेने किती विखुरतो ते ठरवणारी किंमत, ०.७ च्या आसपास ठेवली की सूर्याच्या दिशेने पाहताना हवा छान उजळते.

सन लाइटचा अँगल (सूर्य किती रुंद ते ठरवणारी सेटिंग) मात्र शून्य करू नका. आकाशात सूर्य साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून १०० मीटरवर सावलीची कड जवळजवळ ०.९ मीटर पसरते. किरणं महाद्वाराकडून लांबून गाभाऱ्यात येतात, तेव्हा मूर्तीवरच्या उजेडाची कड मऊच हवी. माझ्या मते खरेपणा ग्लोपेक्षा याच कडेत जास्त आहे. ती सुरीने कापल्यासारखी आली तर कितीही ग्लो द्या, ऊन नकलीच वाटणार.