दोन करारांमधली भटकंती

प्रश्न : मी कंत्राटी पद्धतीने सॉफ्टवेअरचे काम करते. चालू करार संपल्यावर चार महिने प्रवास करावा, असे मनात आहे. पण परतल्यावर काम मिळेल का, ही धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे, तरीही ‘जरूर जा’ असेच मी सांगेन. कराराची मुदत संपली होती, एवढे एका ओळीत लिहिले की बायोडेटातील खंडाचा उलगडा होतो. खरी अडचण पैशांची असते, कारण शेवटचे बिल मंजूर होऊन रक्कम खात्यात जमा व्हायला अनेकदा 30 ते 60 दिवस लागतात आणि परतल्यावर लगेच काम मिळाले, तरी पहिली रक्कम तितक्याच उशिरा हाती पडते. म्हणून किमान आठ महिन्यांच्या खर्चाची तरतूद करा आणि परतीनंतरचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवून त्याला हात लावू नका. आरोग्य विमा कामाशी जोडलेला असेल, तर तो कराराबरोबरच संपतो का, हेही तपासा. युरोपात जाणार असाल, तर शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्पकालीन पर्यटकांना कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहता येत नाही. चार महिन्यांचे बेत इथेच कोलमडतात. निघताना जुन्या प्रकल्पप्रमुखांना परतीची तारीख कळवा आणि परतण्याच्या सहा आठवडे आधी त्यांना पुन्हा दोन ओळी लिहा.